दोन रात्रींचे मुक्काम

पायी वारीत विश्रांतीचा दिवस म्हणजे एकाच गावी लागोपाठ दोन रात्री. आळंदी ते पंढरपूर हे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर ज्ञानेश्वर महाराजांची पालखी सतरा ते एकोणीस दिवसांत चालून जाते. आळंदी आणि पंढरपूर सोडले तर वाटेत तिचे तेरा गावी मुक्काम होतात: पुणे, सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव आणि वाखरी. यांतल्या बहुतेक गावांत पालखी संध्याकाळी येते आणि दुसऱ्या दिवशी निघते. दोन रात्री राहण्याचा मान फक्त चार गावांकडे आहे, आणि त्यांतल्या दोन गावांना तो दरवर्षी मिळतोच असे नाही. हा मान कोणत्या गावाला का मिळाला, हे पाहिले की लांब पायी यात्रेत थांबायचे कुठे, या प्रश्नाची बरीचशी उत्तरे हाती येतात.

वाटेतले थांबणे वारीत तीन प्रकारचे असते. अर्ध्या-पाऊण तासाचा तो विसावा, दुपारच्या जेवणापुरता असतो तो नैवेद्याचा किंवा दुपारचा विसावा आणि रात्रीचा तो मुक्काम. मुक्कामाच्या मैदानाला तळ म्हणतात. विसाव्याच्या जागा झाड, विहीर, एखादे देऊळ अशा कारणांनी ठरलेल्या असतात आणि त्यांवर फारसा वाद होत नाही. मुक्कामाचे तसे नाही. लाखो माणसे, त्यांच्या दिंड्यांचे ट्रक, पाण्याचे टँकर आणि राहुट्या एका गावाच्या शिवारात रात्रभर सामावायच्या असतात. हे सगळे तिथेच आणखी एक दिवस ठेवायचे, तर गावाच्या पाण्यावर, जमिनीवर आणि बाजारावर दुप्पट भार पडतो.

वारीतला विश्रांतीचा दिवस थकलेल्या पायांवर अवलंबून नसतो. तो पंचांग ठरवते. पालखी ज्येष्ठ वद्य अष्टमीला आळंदीहून प्रस्थान ठेवते आणि आषाढ शुद्ध दशमीला पंढरपुरात पोहोचते. ही दोन्ही टोके पक्की आहेत. मधल्या तिथी मोजल्या तर अठरा होतात. तिथी आणि दिवस मात्र बरोबरीने चालत नाहीत. चंद्र सूर्यापासून बारा अंश पुढे सरकला की एक तिथी होते. त्याला कधी एकोणीस-वीस तास लागतात, कधी सव्वीसपर्यंत. सूर्योदयाला जी तिथी असेल ती त्या दिवसाची, असा नियम असल्याने एखादी तिथी दोन सूर्योदयांच्या मध्येच संपून जाते आणि तिचा क्षय होतो. उलट एखादी दोन सूर्योदयांना व्यापते आणि तिची वृद्धी होते. त्यामुळे अठरा तिथींचे दिवस कधी सतरा भरतात, कधी अठरा, कधी एकोणीस.

चालायचे टप्पे तेवढेच राहतात, म्हणून कमी-जास्त होतात ते विश्रांतीचे दिवस. २०२५ मध्ये प्रस्थान १९ जूनला झाले आणि पालखी ५ जुलैला पंढरपुरात गेली. हे सतरा दिवस, आणि त्यांत पुणे व सासवड येथेच दोन-दोन रात्री मिळाल्या. २०२४ मध्ये २९ जून ते १६ जुलै असे अठरा दिवस होते, तेव्हा जास्तीची रात्र लोणंदला गेली. २०२२ मध्ये २१ जून ते ९ जुलै असे एकोणीस दिवस भरले, तेव्हा लोणंदबरोबर फलटणलाही दोन रात्री मिळाल्या. अलीकडच्या वर्षांत हा क्रम असा दिसतो: पुणे आणि सासवड यांना हात लागत नाही, वाढलेला पहिला दिवस लोणंदचा, त्याहून वाढला तर फलटणचा.

पुण्याचा मान समजायला फार विचार लागत नाही. प्रस्थानाच्या दिवशी पालखी देवळातून निघते आणि आळंदीतच पहिली रात्र काढते, म्हणजे खरे चालणे दुसऱ्या दिवशी सुरू होते. आळंदी ते पुणे हा पहिला पूर्ण टप्पा. संध्याकाळी पालखी भवानी पेठेतल्या पालखी विठोबा मंदिरात विसावते. माउलींच्या, म्हणजे ज्ञानेश्वर महाराजांच्या, प्रस्थानाच्या आदल्या दिवशी, वद्य सप्तमीला देहूहून निघालेली तुकाराम महाराजांची पालखी इनामदारवाडा आणि आकुर्डी असे मुक्काम करून त्याच संध्याकाळी नाना पेठेतल्या निवडुंग्या विठोबाकडे येते. दोन्ही सोहळे एकाच शहरात दोन रात्री राहतात. वाटेवरच्या दुसऱ्या कोणत्याही गावाला हे पेलणार नाही. शाळा, मंगल कार्यालये, देवळे, वाडे आणि सोसायट्यांची वाहनतळे यांत दिंड्या उतरतात, म्हणजे या दोन रात्री बहुतेकांच्या डोक्यावर ताडपत्रीऐवजी पक्के छप्पर असते.

पुण्याचा मुक्काम थकवा घालवण्यापेक्षा तयारीसाठी अधिक आहे. अनेक वारकरी आळंदी-देहूपर्यंत न जाता पुण्यातच आपल्या दिंडीला मिळतात. दिंडीचालकाला नावे लिहून घ्यायची असतात, भिशी गोळा करायची असते, धान्य, गॅसच्या टाक्या, ताडपत्र्या, दोऱ्या आणि औषधे ट्रकमध्ये भरायची असतात. पुढे इतका मोठा बाजार कुठेच नाही. पहिल्या टप्प्यात ज्याची चप्पल चावली, तो ती इथे बदलू शकतो. ज्याला ताप भरला, तो दवाखाना गाठू शकतो आणि वेळ पडली तर एसटी पकडून घरी जाऊ शकतो. लांबच्या यात्रेत पहिला थांबा असा हवा की जिथून परत फिरता येते. पुण्याइतकी ही सोय पुढच्या कोणत्याच गावात नाही.

या दिवसाला विश्रांतीचा दिवस म्हणावे का, हा प्रश्न मात्र उरतोच. खेड्यातून आलेला वारकरी पुण्यात आला की कसबा गणपती, तुळशीबाग, मंडई, दोन्ही पालख्यांचे दर्शन असे करत दिवसभर पेठांमधून हिंडतो. दर्शनाच्या रांगेत तासन्‌तास उभे राहणे पायांना चालण्यापेक्षा जड जाते. त्यात चौकाचौकांत मंडळांनी लावलेल्या पंगती. एका दिवसात तीन ठिकाणी जिलेबी खाल्लेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घाट चढायचा असतो, हे यजमानांच्या उत्साहात कुणाच्या लक्षात राहत नाही.

तो घाट म्हणजे दिवे घाट, आणि सासवडच्या दोन रात्रींचे कारण तिथेच आहे. पुणे ते सासवड हा सुमारे ३२ किलोमीटरचा टप्पा सगळ्या वाटेवरचा सर्वांत लांब. हडपसरला दोन्ही पालख्यांच्या वाटा वेगळ्या होतात: तुकोबांची सोलापूर रस्त्याने लोणी काळभोरकडे जाते, माउलींची दिवे घाटाकडे वळते. घाटाच्या पायथ्याशी पालखी पोहोचते तेव्हा दुपार कलंडलेली असते आणि चढावर सावली जवळजवळ नाही. रथाला जास्तीच्या बैलजोड्या जुंपाव्या लागतात. तिथीचा हिशेब असा की अष्टमीला प्रस्थान, नवमी-दशमी पुण्यात, म्हणजे हा टप्पा साधारणपणे ज्येष्ठ वद्य एकादशीला येतो. बहुतेक वारकऱ्यांचा त्या दिवशी उपवास. सर्वांत लांब चाल, सर्वांत मोठा चढ आणि पोटात राजगिऱ्याचा लाडू, केळी नाहीतर साबुदाण्याची खिचडी. सासवडला पोहोचायला रात्र होते. दुसऱ्या दिवशी द्वादशीला उपवास सुटतो आणि माणसे भरल्या पोटी झोपतात. हा दिवस नसता तर जेजुरीला जाणाऱ्यांची संख्या नक्कीच रोडावली असती.

सासवडला आणखी एक कारण आहे, आणि श्रद्धाळूंच्या दृष्टीने तेच पहिले. ज्ञानदेवांचे धाकटे बंधू सोपानदेव यांची समाधी इथे कऱ्हा नदीकाठी आहे. सोपानकाकांची पालखीही पंढरपूरला जाते आणि तिचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य द्वादशीला होते. म्हणजे माउलींच्या मुक्कामाच्या दुसऱ्या दिवशी धाकट्या भावाची पालखी सासवडहून निघते.

देवस्थान मोठे म्हणून मुक्काम मोठा, असे समीकरण वारीत नाही. तसे असते तर जेजुरीला दोन रात्री मिळाल्या असत्या. खंडोबाची जेजुरी अर्ध्या महाराष्ट्राचे कुलदैवत सांभाळते, पालखीवर तिथे भंडाऱ्याची उधळण होते, पण मुक्काम एकच रात्रीचा. सासवड-जेजुरी अंतर सुमारे १६ किलोमीटर, तेही नुकत्याच मिळालेल्या विश्रांतीनंतरचे. लोक लवकर पोहोचतात आणि संध्याकाळी गड चढून दर्शन घेऊन येतात. पुढचे वाल्हे तर बारा-तेरा किलोमीटरवर. दोन हलके दिवस लागोपाठ आले की थांबण्याचे कारण उरत नाही.

वाल्ह्याहून लोणंदला जाताना वाटेत नीरा नदी येते. पादुकांना नीरास्नान घालून पालखी पुणे जिल्हा सोडते आणि सातारा जिल्ह्यात शिरते. लोणंद हे बाजाराचे गाव, कांद्याच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाणारे, पुणे-मिरज लोहमार्गावर स्थानक असलेले. नदी जवळ, रेल्वे जवळ, बाजार जवळ आणि तळाला ऐसपैस जागा, अशी चारही अंगे जुळलेले गाव या पट्ट्यात दुसरे नाही. त्यात पुढचा तरडगावचा टप्पा जेमतेम आठ किलोमीटरचा, आणि त्यात चांदोबाच्या लिंबाजवळ पहिले उभे रिंगण. म्हणून पालखी लोणंदहून सकाळी निघतच नाही, दुपारचे जेवण उरकून निघते. एकच रात्र असली तरी गावकरी त्याला दीड दिवसाचा मुक्काम म्हणतात आणि दोन रात्री असल्या की अडीच दिवसांचा. सतरा दिवसांच्या वारीतही लोणंदला अर्धा दिवस हाताशी राहतो तो यामुळे. पंचांगाने दिवस कापला तरी टप्प्यांची आखणी तो थोडा परत देते.

फलटण हे नाईक निंबाळकरांच्या संस्थानाचे गाव, जुन्या राममंदिराचे आणि महानुभाव पंथीयांना पूज्य असलेले. पालखी तिथे विमानतळाच्या मैदानावर उतरते. धावपट्टीसाठी राखलेली सपाट, मोकळी जमीन लाखभर माणसांच्या तळाला किती सोयीची, हे वेगळे सांगायला नको. फलटणनंतर दोन रात्रींचा मुक्काम कुठेच नाही. बरड, नातेपुते, माळशिरस आणि वेळापूर हे टप्पे साधारण अठरा ते एकवीस किलोमीटरचे आणि बऱ्यापैकी सारखे आहेत. भंडीशेगाव-वाखरी दहाएक किलोमीटर आणि वाखरी-पंढरपूर त्याहून कमी. शेवटी चाल आपोआप आखूड होत जाते. नवमीला वाखरीत सगळ्या संतांच्या पालख्या एकत्र येतात. तिथे कुणाला एक दिवस आधी किंवा उशिरा पोहोचून चालत नाही, त्यामुळे शेवटच्या आठवड्यात वेळापत्रकात सैल जागा ठेवलेलीच नाही.

विश्रांतीचे दिवस सुरुवातीला आणि मग जवळजवळ नाहीत, ही आखणी वरवर उलटी वाटते. वास्तविक ती शरीराच्या गरजेशी बरोबर जुळते. सवय नसलेल्या चालण्याने स्नायू दुखतात ते लगेच नाही. ते दुखणे एक ते तीन दिवसांत सर्वाधिक होते आणि मग ओसरते. फोडही पहिल्या तीन-चार दिवसांतच येतात, कारण तळव्याची कातडी अजून मऊ असते आणि पावसाने व घामाने ती ओली राहते. ओल्या कातडीवर घर्षण जास्त होते आणि वरचा थर सुटतो. पहिल्या पाच दिवसांत दोन दिवस थांबायला मिळाले की फोड वाळतात, कातडी धरते आणि स्नायू पुढच्या कामाला तयार होतात. आठवडा गेल्यावर चालणे अंगवळणी पडते आणि वीस किलोमीटरचा दिवस जड वाटेनासा होतो. त्यानंतरचा धोका वेगळा असतो: घोट्यामागची शीर, नडगी आणि गुडघा यांत हळूहळू साचत जाणारी सूज. ती एका दिवसाच्या विश्रांतीने जात नाही. तिच्यावर उपाय चाल आखूड करण्याचाच, आणि तो दिंडीच्या गतीने चालणाऱ्याच्या हातात नसतो. अशा माणसाने संकोच न करता दिंडीच्या ट्रकमध्ये बसून एक टप्पा पुढे जावे, हे शहाणपणाचे.

थांबण्याच्या दिवशी काय करावे, याचेही एक शास्त्र वारकऱ्यांनी अनुभवाने बसवले आहे. सकाळी पहिले काम कपडे धुण्याचे, कारण पावसाळ्यात ते वाळायला अख्खा दिवस लागतो. मग पायांची निगा: गरम पाणी, तेल, फोडावर औषध, नखे कापणे. अनेक मुक्कामांवर नाभिक मंडळी दाढी-केस करून देतात, चर्मकार चपला शिवून देतात, डॉक्टरांची पथके औषधे देतात, आणि बहुतेक ठिकाणी पैसे घेत नाहीत. दुपारी घटकाभर झोप. दिवसभर लोळून राहणे मात्र बरे नाही, पाय आखडतात आणि दुसऱ्या दिवशीचा पहिला तास नकोसा होतो. भजन काही थांबत नाही. पहाटे काकडा, संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन आणि जागर हा क्रम मुक्कामाच्या दिवशीही असतो. अनेक दिंड्यांत वीणा खाली ठेवायची नाही असा दंडक असल्याने विणेकऱ्यांच्या पाळ्या लागतात. स्वयंपाक सांभाळणाऱ्या बायका आणि आचारी यांना तर या दिवशी सुट्टी नसतेच. उलट शिधा निवडणे, दळण आणणे, भांडी लख्ख करणे ही साठलेली कामे याच दिवशी निघतात. विश्रांती सगळ्यांची सारखी नसते, हे वारीच्या कौतुकात फारसे लिहिले जात नाही.

तळाची जमीन कशी असावी, याबद्दल चालकांचे मत पक्के असते. उतार हवा, पण थोडाच. पाणी वाहून गेले पाहिजे आणि माणूस झोपेत घसरला नाही पाहिजे. मुरमाड माळ सर्वांत चांगला. काळ्या जमिनीवर एक सर आली की चिखल होतो, ट्रक रुततात आणि राहुटीच्या मेखा धरत नाहीत. एका रात्रीपुरते हे निभावते, दोन रात्रींच्या मुक्कामात निभावत नाही. पाणी पिण्यापुरते टँकरने येते, धुण्यासाठी आणि अंघोळीसाठी नदी, कालवा किंवा मोठी विहीर लागते. सासवडला कऱ्हा, लोणंदजवळ नीरा, फलटणच्या परिसरात नीरेचा उजवा कालवा. शौचालयांची सोय, वीज आणि दवाखाना या गोष्टी अलीकडच्या यादीत आल्या, पण आज त्या पाण्याइतक्याच महत्त्वाच्या आहेत. संध्याकाळी तळावर समाज आरतीच्या वेळी चोपदार हातातला चोप उंचावतो, गलका एकदम शांत होतो, दिंड्यांच्या तक्रारी ऐकल्या जातात, हरवले-सापडले सांगितले जाते आणि पुढच्या दिवशी निघण्याची वेळ जाहीर होते. सोहळ्याला ही शिस्त हैबतबाबा आरफळकर यांनी एकोणिसाव्या शतकात घालून दिली.

तुकोबांच्या पालखीची वाट तुलनेने सोपी, दिवे घाटाएवढा मोठा चढ तिच्यात नाही. त्यामुळे पुण्यानंतर लोणी काळभोर, यवत, वरवंड, उंडवडी गवळ्याची, बारामती असे सलग मुक्काम होतात आणि एका रात्रीपेक्षा जास्त कुठे राहावे लागत नाही. जास्तीचा दिवस निघाला की तो पुढे, काही वर्षी इंदापूरला दिला जातो. बारामती इंदापूरपेक्षा मोठे, तरी हा दिवस पुढे ढकलला जातो, कदाचित बारामतीपर्यंत पायांना पुण्याची विश्रांती पुरत असल्याने.

माणूस एकटा किंवा चार-पाच जणांत चालत असेल, तेव्हा निवड त्याची स्वतःची होते आणि प्रश्न अवघड होतो. नर्मदा परिक्रमेत याचे एक जुने उत्तर आहे. परंपरेने तीन वर्षे, तीन महिने आणि तेरा दिवसांत पूर्ण करायच्या या परिक्रमेत आषाढी एकादशीपासून कार्तिकी एकादशीपर्यंत चालायचे नाही, एका जागी चातुर्मास करायचा. जागा निवडताना पहिली अट अशी की नदी ओलांडायची नाही, म्हणजे ज्या तीरावर माणूस आहे त्याच तीरावर राहायचे. दुसरी अट उंचीची. पावसाळ्यात नर्मदा घाटांच्या पायऱ्या गिळून वर येते, म्हणून काठाला लागून असलेली सुंदर जागा सोडून वरचा आश्रम किंवा गाव पाहावे लागते. तिसरी अट सदावर्ताची, चार महिने भिक्षा किंवा शिधा मिळण्याची. त्यामुळे ओंकारेश्वर, महेश्वर, मंडलेश्वर आणि गुजरातेत गरुडेश्वर ही ठिकाणे परिक्रमावासीयांची नेहमीची. 

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर उलटी अडचण येते. फ्रान्सच्या सीमेवरून निघणारी सुमारे ७८० किलोमीटरची ही वाट चालायला महिनाभर लागतो. वाटेवरच्या यात्रेकरू-निवासांत साधारणपणे एकच रात्र राहू देतात आणि सकाळी आठपर्यंत बाहेर पडावे लागते. आजारी माणसाचाच काय तो अपवाद. विश्रांती घ्यायची तर साधे हॉटेल पाहावे लागते, आणि ते शहरातच मिळते. म्हणून लोक पांप्लोना, लोग्रोन्यो, बुर्गोस, लेओन या शहरांत थांबतात. चतुर यात्रेकरू पूर्ण दिवस घेतच नाहीत. आदल्या दिवशी शहराच्या अलीकडे राहतात, सकाळी आठ-दहा किलोमीटर चालून दुपारपूर्वी शहरात येतात आणि उरलेला दिवस विश्रांती घेतात. लोणंद-तरडगावच्या आखणीत हीच युक्ती आहे. तिकडे थांबण्याची एक किंमतही असते: सोबतचे लोक एक दिवस पुढे निघून जातात आणि मग भेटत नाहीत. वारीत ती किंमत मोजावी लागत नाही, कारण थांबतात ते सगळेच.

पंढरपुरात पालखी दशमीपासून पौर्णिमेपर्यंत राहते. पौर्णिमेला गोपाळपुरात काला झाला की परतीचा प्रवास सुरू होतो. तेव्हा बहुतेक वारकरी एसटीने आणि रेल्वेने घरी गेलेले असतात, शेतीची कामे वाट पाहत असतात. थोड्या माणसांसह पालखी सुमारे दहा दिवसांत आळंदी गाठते. टप्पे लांब असतात आणि वाटेत दोन रात्रींचा मुक्काम कुठेच होत नाही.